बेटावर एकटं कोण असतं?

‘बेटावर एकट्याने करण्यासारख्या दहा गोष्टी’ हा मजकूर तुम्ही कुठे ना कुठे वाचलेला असणार. बेट बदलतं. कधी अंदमान, कधी मालदीव, कधी बाली, आणि अलीकडे आपल्या कोकणातले जलदुर्गसुद्धा. यादी मात्र फारशी बदलत नाही. पहाटे उठून सूर्योदय पाहा, स्कूबा करा, स्थानिक जेवण चाखा, गर्दी नसलेला किनारा शोधा, वही घेऊन माडाखाली बसा, संध्याकाळी स्वतःशी गप्पा मारा.

पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या मागे लागलेल्या विद्यार्थ्याने असल्या याद्यांवर वेळ का घालवावा, असं वाटेल. पण माझं म्हणणं असं की सिनॉप्सिस लिहायच्या आधी अशा पाच-सहा याद्या शांतपणे वाचाव्यात. या लेखनप्रकारात एक दोष आहे, आणि तोच दोष आपल्या प्रबंधांत पद्धतीच्या प्रकरणात सर्रास सापडतो. यादीत तो पटकन दिसतो, प्रबंधात भाषा जड असल्यामुळे लपून जातो, एवढाच फरक.

दोष असा: ‘एकट्याने’ हा शब्द टिकावा म्हणून प्रवास शक्य करणारी माणसं मजकुरातून वगळली जातात. हा फक्त कृतज्ञतेचा प्रश्न असता तर शेवटी दोन ओळींचे आभार मानून भागलं असतं. पण आपल्याला काय दिसणार, किती वेळ दिसणार आणि कोण भेटणार हे बहुतेक वेळा तीच माणसं ठरवत असतात. ती गाळली की आपण जे पाहिलं ते तसंच का पाहिलं, हे वाचणाऱ्याला कळायचा मार्गच बंद होतो.

आधी शब्द तपासू

‘उष्णकटिबंधीय बेट’ ही कल्पना भूगोलात अगदी सोपी आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधला पट्टा म्हणजे उष्णकटिबंध. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला येतो. म्हणजे खांदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग ही सगळी उष्णकटिबंधीय बेटंच. याद्यांना मात्र हे अभिप्रेत नसतं. त्यांना पांढरी वाळू, निळं पाणी, कलती माडाची झाडं आणि मुख्य म्हणजे रिकामपण हवं असतं. व्याख्या नकाशावरून न येता चित्रावरून आलेली आहे.

ही व्याख्या काय करते ते बघायला एक बेट घेऊ, जे कुठल्याच अशा यादीत नसतं: मुंबई. सात बेटं भराव घालून जोडली गेली, आणि आजही मुंबई शहर आणि उपनगरं खाडीने मुख्य भूमीपासून तुटलेल्या साष्टी बेटावरच आहेत. खेड, दापोली, चिपळूण, गुहागर या तालुक्यांतले पुरुष शंभर वर्षांहून जास्त काळ या उष्णकटिबंधीय बेटावर एकटे जात आले. गिरणीत, गोदीत, लोकांच्या घरी कामाला. गावकीच्या खोलीत प्रत्येकाची एक ट्रंक, झोपायला पाळ्या, जेवायला खाणावळ, महिन्याला गावी मनीऑर्डर. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. या आकड्यामागे जी कारणं आहेत त्यांत हे स्थलांतर मोठं आहे.

त्या माणसांना ‘सोलो ट्रॅव्हलर’ कोणी म्हटलं नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्द होता ‘चाकरमानी’. आणि त्यांच्या मागे घर, शेत, म्हातारे सांभाळत एकट्या राहिलेल्या बायकांसाठी तर कुठलाच रुबाबदार शब्द नव्हता. म्हणजे ‘एकटा प्रवासी’ हा शब्द माणसं मोजत नाही. त्यात फुरसत, खर्चायला पैसे आणि परतीचं तिकीट गृहीत धरलेलं आहे. तुमच्या विषयातला मुख्य शब्द असाच उलटापालटा करून बघा. ‘युवक’, ‘शेतकरी’, ‘महिला उद्योजक’ या शब्दांत कोण बसतं, आणि व्याख्येप्रमाणे बसायला हवं तरी कोण बसत नाही? कार्यकारी व्याख्येचं काम इथून सुरू होतं.

यादी सुवर्णदुर्गावर लावून बघू

खेडला समुद्र नाही, जगबुडी नदी आहे. त्यामुळे दापोलीकडच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही प्रवासी मजकुरात खेड एका ओळीत उरकतं: ‘जवळचं रेल्वे स्टेशन – खेड’. गावातली बौद्ध लेणी, गरम पाण्याचं कुंड, तालुक्यातला रसाळगड, यातलं काही त्या ओळीत मावत नाही. ज्या गावाला कोणी मुक्काम मानत नाही ते मजकुरात नुसता रस्ता होतं. असो. खेडहून दापोली, दापोलीहून हर्णै, आणि हर्णैच्या समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत हाही आहे. त्यामुळे याद्यांमध्ये तो आता वाढत जाणार.

यादीतलं पहिलं कलम: ‘होडीने किल्ल्यावर जा’. एका माणसासाठी होडी सहसा निघत नाही. माणसं जमेपर्यंत थांबा, नाहीतर पुऱ्या होडीचे पैसे द्या. शिवाय भरती-ओहोटी आहे, वारा आहे, आणि पावसाळ्यात तर प्रश्नच मिटतो. यंत्राच्या होड्यांना मासेमारीबंदी साधारण १ जूनपासून सुरू होते, आणि समुद्र खवळलेला असताना प्रवासी होड्याही बंद असतात. किल्ल्यावर उतरल्यावर दाराच्या पायरीवर कोरलेलं कासव, बाजूला मारुती, आत पाण्याची टाकी, पडके वाडे, दाट झाडोरा. हे तुम्ही किती वेळ पाहणार? होडीवाला थांबेल तेवढा वेळ. ‘किल्ला तासाभरात पाहून होतो’ असं वाक्य वाचलंत तर ते किल्ल्याचं मोजमाप समजू नका. होडी किती वेळ थांबते त्याचं ते मोजमाप आहे.

दुसरं कलम: ‘हर्णैचा मासळी लिलाव अनुभवा’. होड्यांतून माल किनाऱ्यावर उतरतो, वाळूत ढीग लागतात, बोली लागते, सुरमई-पापलेट-कोळंबी हातोहात जाते. पाहण्यासारखा आहे यात शंका नाही. पण ‘अनुभवा’ म्हणजे कोणाच्या बाजूने? तिथे उभा प्रत्येक माणूस घेणारा, विकणारा, उचलणारा, बर्फ पुरवणारा, उधारी वसूल करणारा असतो. कॅमेरा घेऊन उभा राहिलेला एकटाच माणूस व्यवहारात नसतो, आणि दरासंबंधी सगळ्यात कमी त्यालाच कळतं. बोली कोणत्या शब्दांत लागते, पैसे रोख मिळतात की आगाऊ घेतलेल्या रकमेतून वळते होतात, हे विचारायला ओळख लागते. ओळख करून द्यायला कोणीतरी लागतं. झालं, ‘एकट्याने’ गेलं.

तिसरं कलम स्कूबा. हे सहसा मालवण-तारकर्लीचं असतं. पाण्याखाली एकट्याने जायचं नाही, जोडीदार हवाच, हा या खेळातला पहिला धडा. पहिल्यांदा उतरणाऱ्याच्या तर पाठीशी पूर्ण वेळ प्रशिक्षक असतो. म्हणजे एकट्याने करायच्या गोष्टींच्या यादीत हमखास असणारी ही गोष्ट एकट्याने करायलाच मनाई आहे. तिथल्याच सिंधुदुर्गाबद्दल याद्या तीन गोड्या विहिरी आवर्जून सांगतात, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. त्या किल्ल्यात आजही माणसं राहतात, हे मात्र गाळलं जातं.

यादीच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर ही समीक्षा एकांगी होईल. एकट्या निघालेल्या बाईला ‘तू जाऊ शकतेस’ असं सांगणारा मजकूर आपल्या भाषेत फार थोडा होता. या याद्यांनी ते धैर्य काही जणींना दिलं असेल, आणि ते मोलाचं आहे. पण मग तिला खरोखर नडणारे प्रश्न त्यांनी का टाळावेत? ‘एकट्या बाईला खोली देत नाही’ म्हणणारे लॉज आहेत. खोलीचं भाडं दोघांचं, राहणारी एक. घरगुती जेवणवाले आधी ताटं किती ते विचारतात आणि एका ताटासाठी चूल पेटवायला नाखूश असतात. शेवटची एसटी किती वाजता, तिच्यानंतर काय, याचं उत्तर नाही. काय करावं याची दहा उत्तरं मिळतात, कोण करू देईल याचं एकही नाही. एकट्या माणसाचा मूळ प्रश्न मात्र तोच असतो.

एकट्याने जिंकलेला किल्ला

वगळण्याची ही सवय याद्यांपेक्षा खूप जुनी आहे, आणि उदाहरण सुवर्णदुर्गाचंच आहे. लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर १७८४ मध्ये बांधलेला एक तिकोनी मनोरा आहे. नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. हे सेव्हर्नड्रूग म्हणजे आपलं सुवर्णदुर्ग. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स याने एप्रिल १७५५ मध्ये हा किल्ला तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला, त्याची आठवण म्हणून त्याच्या पत्नीने तो उभारला.

पण ती मोहीम कंपनी आणि पेशवे यांनी मिळून ठरवलेली होती. तुळाजींशी पेशव्यांचं वैर होतं, जमिनीकडून पेशव्यांचं सैन्य होतं, आणि किल्लाही पुढे पेशव्यांकडे गेला. मनोरा मात्र एकट्या जेम्सचा. दगडात बांधलं तरी वगळणं ते वगळणंच. साधन म्हणून हा मनोरा वापरायचा झाला तर तो १७५५ बद्दल थोडं आणि १७८४ मधल्या एका विधवेच्या शोकाबद्दल आणि प्रतिष्ठेबद्दल जास्त सांगतो.

अंदमान, १९०६

आता किनारा सोडून बंगालच्या उपसागरात जाऊ, कारण एकटेपण आणि बेट यांचा मराठी वाचकाच्या मनातला सगळ्यात जुना संबंध तिथला आहे.

पोर्ट ब्लेअरचं सेल्युलर जेल १८९६ मध्ये बांधायला घेतलं आणि १९०६ मध्ये पुरं झालं. नावातच योजना आहे: प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी, एकाने दुसऱ्याला पाहू नये. मध्ये मनोरा, भोवती सात इमारती. आज त्यांतल्या तीन उरल्यात. सावरकर बंधू इथे होते हे कोणाला सांगायला नको. ‘उष्णकटिबंधीय बेटावर एकटं असणं’ ही सरकारने तयार केलेली शिक्षा होती. आजच्या यादीत त्याच जागी ‘संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम चुकवू नका’ असं कलम असतं. कार्यक्रमाला हरकत नाही. पण एकटेपण निवडलेलं असतं तेव्हा आणि लादलेलं असतं तेव्हा आपण एकच शब्द वापरतो, हे संशोधकाच्या नजरेतून सुटता कामा नये.

त्याच १९०६ मध्ये त्याच बेटांवर एक तरुण ब्रिटिश विद्यार्थी संशोधनासाठी पोचला. पुढे तो रॅडक्लिफ-ब्राउन म्हणून मानववंशशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात आला. १९०६ ते १९०८ च्या या कामावरचं त्याचं ‘अंदमान आयलंडर्स’ १९२२ मध्ये निघालं. मोडकीतोडकी हिंदुस्थानी आणि दुभाषे यांच्या आधारावर, कैद्यांच्या वसाहतीचा कारभार असलेल्या बेटांवर, रोगराईने आधीच खूप घटलेल्या समाजात हे काम झालं. कोण त्याला भेटू शकलं आणि कोण नाही, हे त्या वसाहतीने बरंचसं आधीच ठरवून टाकलं होतं.

आणि काही बेटांसाठी योग्य यादी कोरीच असते. उत्तर सेंटिनेल बेटावरच्या लोकांना बाहेरचं कोणी नको आहे. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमावलीखाली तिथे जायला बंदी आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण धर्मप्रसारासाठी तिथे उतरला आणि मारला गेला. बातम्यांत तो ‘एकटाच गेलेला’ होता. त्याला तिथवर पोचवणाऱ्या मच्छीमारांना मात्र अटक झाली. एकटेपणाची किंमत दुसऱ्याने मोजण्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना ‘सहभागींना धोका’ या रकान्यात ‘नाही’ लिहायच्या आधी तुमचे मच्छीमार कोण, हे आठवा.

मालिनोव्स्कीचा किनारा

१९२२ हेच वर्ष दुसऱ्या एका पुस्तकाचंही आहे: ब्रोनिस्लाव मालिनोव्स्कीचं ‘आर्गोनॉट्स ऑफ द वेस्टर्न पॅसिफिक’. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवरच्या कामाचं हे पुस्तक क्षेत्रकार्याचं जणू बायबल समजतात. प्रस्तावनेत तो वाचकाला एका उष्णकटिबंधीय किनाऱ्यावर, सामानासकट, एकट्याने सोडलं गेल्याची कल्पना करायला सांगतो. तिथून पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोळ्यांपुढे संशोधकाचं तेच चित्र बसलं.

गंमत अशी की त्या बेटांवर त्या वेळी मोत्यांचे गोरे व्यापारी होते, मिशनरी होते, सरकारी अंमलदार होता. मालिनोव्स्कीने व्यापाऱ्यांची मदत घेतली आणि पुस्तकात त्याबद्दल आभारही मानले आहेत. म्हणजे त्याने लपवलं असं म्हणता येणार नाही. पण आभार एका पानावर राहिले आणि पद्धतीचं चित्र दुसऱ्या पानावर. लक्षात राहिलं ते चित्र. त्याच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये खाजगी डायरी छापली गेली, तेव्हा तिच्यात कंटाळा, कादंबऱ्यांत तोंड खुपसून घालवलेले दिवस, स्थानिक लोकांबद्दलची चिडचिड आणि घरची ओढ असं सगळं निघालं. बराच गदारोळ झाला. माझ्या मते डायरीने मालिनोव्स्कीचं काम खोटं ठरवलं नाही. ते काम कोणत्या माणसांच्या सोबतीत आणि कोणत्या मनःस्थितीत झालं, एवढं तिने आपल्या हाती दिलं, आणि त्यामुळे ते काम तपासता येऊ लागलं.

आपल्याकडे याच्या उलट नमुना आहे. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेला निघाले ते कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून. काका बरोबर. ‘माझा प्रवास’ मध्ये पैसा कुठून आला, कुठे लुटला गेला, कोणी आसरा दिला, कोणी जेवू घातलं, हे सगळं वाटेवर दिसत राहतं. म्हणूनच झाशीबद्दल ते काय सांगतात त्याचं वजन करता येतं: हा माणूस कुठे उभा होता आणि कोणाच्या घरात होता, ते आपल्याला ठाऊक असतं. (अभ्यासाला घेणार असाल तर आवृत्ती बघून घ्या. १९०७ ची चिं. वि. वैद्यांची आवृत्ती फेरफार केलेली आहे. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापली.)

आता आपलं पद्धतीचं प्रकरण

समजा, तुमचा विषय खेड तालुक्यातलं स्थलांतर आहे आणि तुम्ही लिहिलंत: ‘संशोधकाने तालुक्यातील चाळीस कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या.’ व्याकरण शुद्ध, गाईड खूश. पण हे वाक्य ‘होडीने किल्ल्यावर जा’ याच जातीचं आहे. तुम्हाला वाडीत कोणी नेलं? अंगणवाडी सेविकेने नेलं असेल तर लहान मुलं असलेली घरं जास्त आली असणार. जिथे फक्त म्हातारी जोडपी उरलीत ती घरं, म्हणजे स्थलांतराचा खरा परिणाम, कमी. सरपंचांनी नेलं असेल तर त्यांच्या भावकीची घरं आधी. मुलाखत देताना सुनेच्या शेजारी सासू बसली होती का? कोकणी मुसलमानांच्या घरी तुम्ही प्रमाण मराठीत विचारलंत आणि उत्तर त्यांच्या बोलीत आलं, तेव्हा ते मराठीत कोणी घातलं? गणपतीत गेला होतात की जूनमध्ये? गणपतीत गाव भरलेलं असतं, जूनमध्ये रिकामं, आणि दोन्ही वेळा ‘गावात किती माणसं राहतात’ याचं उत्तर वेगळं येतं.

हे सगळं लिहिलं तर प्रबंध कच्चा दिसेल, ही भीती बहुतेकांना असते. अनुभवी परीक्षकाला उलट दिसतं. चाळीस घरं कोणत्या वाटेने मिळाली हे कळलं की निष्कर्ष कुठवर ताणता येतील तेही कळतं, आणि व्हायवाला विचारला जाणारा नेहमीचा अवघड प्रश्न तुम्ही स्वतःच आधी विचारलेला असतो.

तर या आठवड्याचं काम. मराठीतली एखाद्या बेटावरची एक यादी घ्या. प्रत्येक कलमापुढे तीन गोष्टी लिहा: हे करायला दुसरं कोण लागतं, त्याला काय मिळतं, आणि त्याच्यामुळे प्रवाशाला काय दिसलं नाही. मग तसाच तीन रकान्यांचा तक्ता स्वतःच्या पायलट स्टडीसाठी करा. पहिल्या रकान्यात नावं घालू नका, गोपनीयता पाळा. ‘ओळख करून देणारी’, ‘दुभाषा’, ‘गाडीवाला’, ‘शेजारी बसलेली सासू’ एवढं पुरे. तिसरा रकाना भरायला सगळ्यात वेळ लागेल. मर्यादांचा परिच्छेद लिहायला बसाल तेव्हा त्यातलाच मजकूर हाताशी येईल.